न फाटलेला ढग

द्वारकाबाई पानसे यांनी उभी नोकरी लोकांची बोलणी अर्धवट ऐकण्यात घालवली. दोष त्यांचा नव्हता, कामच तसं होतं. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या फळीवर खुंट्या खुपसून पुण्याला नागपूर किंवा बेळगाव जोडून द्यायचं, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, पुढे बोलायचंय?" चोरून ऐकायचं नाही हा नियम होता, आणि द्वारकाबाई नियमाच्या पक्क्या होत्या. पण लाइन नीट लागली की नाही हे पाहण्यापुरतं ऐकावंच लागे, आणि तेवढ्यात गोष्टीचं नेमकं शेपूट हातातून निसटे. कुणाची सासू आजारी होती, ती उठली की नाही. कुणाला अकोल्याची मुलगी सांगून आली होती, तिला पसंती गेली की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही. पुढे एसटीडी आली, खुंट्या मोडीत निघाल्या आणि द्वारकाबाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात अशा शेकडो बिनशेवटाच्या गोष्टी पडून होत्या.

धनकवडीला त्यांच्या अरुणोदय सोसायटीच्या आवारात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे. एक मोठी खोली, चार पंखे, एक टीव्ही, कॅरमचे दोन बोर्ड. निवृत्त झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात द्वारकाबाईंनी तिथे पाच संध्याकाळी पाच व्याख्यानं ठेवली. लोक म्हणाले, वा, काय हौस समाजकार्याची. खरं कारण त्यांनी फक्त केंद्र झाडणाऱ्या आणि चहा करणाऱ्या सरुबाईंना सांगितलं होतं. त्यांना एखाद्या माणसाचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकायचं होतं, एवढंच.

व्याख्यानमाला बरीच वर्षं छान चालली. गडकिल्ले झाले, मूतखडा झाला, अजिंठ्याची चित्रं झाली, मधुमेह तर तीनदा झाला. पण हळूहळू श्रोते विरळ होत गेले. व्याख्यान सहाला सुरू होई, सात वाजता मध्यंतरात चहा होई, आणि चहाचा कप बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून मंडळी तशीच घरी जात. उरलेला वक्ता उरलेल्या खुर्च्यांशी बोले.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवण्याचं काम गोपाळकृष्ण दामले यांनी केलं. दामलेसाहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि केंद्राच्या समितीचे अध्यक्ष. केंद्राच्या टीव्हीचा रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात असे, त्यावरून अधिकाराची कल्पना यावी. त्यांनी नुकताच कराओके गट काढला होता. माइक होता, स्पीकर होता, गाणारे वीसेक निवृत्त गळे होते, आणि जागा नव्हती.

"पानसेबाई," दोन हजार चौदा सालच्या जानेवारीत समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "आपल्या व्याख्यानमालेला गर्दी होत नाही असं माझं म्हणणं नाही. चहाला होते."

मग त्यांनी अट मांडली. या वर्षीच्या पाचांपैकी एखाद्या तरी संध्याकाळी निम्म्या खुर्च्या भरल्या पाहिजेत. मोजणी चहानंतर होईल, आणि ती ते स्वतः करतील. नाही भरल्या, तर पुढच्या मे महिन्यापासून त्या पाचही संध्याकाळी कराओकेच्या. द्वारकाबाईंनी होकार दिला. अट वाजवी होती, आणि त्यांना सगळ्यात जास्त तेच लागलं.

त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावर पूर्णिमा रामटेके राहायला आली. मूळची भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. वडील शाळामास्तर, घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट, आणि मुलगी बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून हे नाव. पुण्यात ती खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होती. जिन्यात भेट झाली तेव्हा द्वारकाबाईंनी विचारलं, कशावर? पूर्णिमा म्हणाली, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर आहे, त्याच्याभोवती फिरणाऱ्या एका धुळकट वस्तूवर. यावर लोक साधारणपणे "अरे वा" म्हणून जिना उतरायला लागतात. द्वारकाबाई म्हणाल्या, "आत ये, चहा टाकते. पहिल्यापासून सांग."

इतकं नीट ऐकणारं माणूस पूर्णिमाला मार्गदर्शकांतही मिळालं नव्हतं. ती सांगत गेली. धनु राशीच्या दिशेला, सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर, चाळीस लाख सूर्यांइतक्या वजनाचं ते कृष्णविवर बसलेलं आहे. वाटेत इतकी धूळ आहे की साध्या प्रकाशात तिकडचं काही दिसत नाही. पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धुळीतून पार होतो. त्या प्रकाशात दोन-तीन वर्षांपूर्वी लोकांना एक गरम धुळीचं गाठोडं कृष्णविवराकडे धावत जाताना दिसलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला जी-टू असं रुक्ष नाव दिलं होतं. बऱ्याच जणांच्या मते तो वायूचा आणि धुळीचा ढग होता.

"आणि ते दिसतं कसं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

पूर्णिमा म्हणाली, तीच तर खरी गंमत. अवरक्तात आकाशच चमकतं, दुर्बीण स्वतः चमकते, सगळंच उबदार असतं ना. भर दुपारी काजवा शोधण्यासारखं ते. म्हणून दुर्बीण आधी त्या वस्तूकडे पाहते, मग जरा बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मग एकातून दुसरं वजा करायचं. उरेल ते खरं.

द्वारकाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे आमचे दामले करणार आहेत तेच."

"ते काय करणार आहेत?"

"चहा वजा करणार आहेत."

पूर्णिमाला हसू आवरेना. मग द्वारकाबाईंनी तिला अट सांगितली, आणि पूर्णिमाने तिची मोठी बातमी सांगितली. हा ढग या वसंतात कृष्णविवराच्या सर्वांत जवळून जाणार होता. कुरडईच्या चिकासारखा तो ताणला जाईल, फाटेल, आणि त्यातलं थोडं आत पडलं तर तिथे मोठा झगमगाट होईल. जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी तिकडे डोळे लावून बसल्या होत्या. तिच्या संगणकातल्या गणितात तर तो ढग केव्हाच फाटला होता. तिचा प्रबंधच त्या फाटण्यावर उभा होता.

"वसंतात म्हणजे नक्की कधी?"

"मार्च ते मे. म्हणजे, तशी शक्यता आहे."

द्वारकाबाईंचा जन्म बुकिंग घेण्यात गेलेला. अमुक वाजता नागपूर लागेल असं एकदा सांगितलं की लागायचं. "शक्यता" हा शब्द त्यांच्या कानांवर पडला, पण आत गेला नाही. मे महिन्याचा पहिला शनिवार त्यांनी तिथल्या तिथे पक्का केला.

व्याख्यानांची घोषणा सोसायटीच्या फाटकातल्या फळ्यावर लिहायची पद्धत होती, आणि ते अक्षर द्वारकाबाईंचं असे. एप्रिलअखेरीस फळ्यावर मजकूर आला: "शनिवार, सायं. ६. आकाशगंगेच्या मध्यभागी कृष्णविवर धुळीचा ढग फाडणार. वक्त्या कु. पूर्णिमा रामटेके. वेळेवर यावे." शक्यतेला फळ्यावर जागा उरली नव्हती.

दामलेसाहेब सकाळच्या फेरीहून परतताना फळ्यासमोर उभे राहिले. "वेळेवर कुणी यायचं आहे?" त्यांनी चौकशी केली. "ढगाने, की आम्ही?" मग थोडा हिशेब करून ते म्हणाले, "सव्वीस हजार वर्षांपूर्वी जे घडून गेलं, त्यासाठी मी शनिवारची वामकुक्षी आवरती घ्यायची, असं आहे का?"

द्वारकाबाईंनी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांनी एका वर्तमानपत्राच्या पुणे पुरवणीला चिठ्ठी धाडली, आणि पुरवणीवाल्याने ती चौकटीत छापताना स्वतःच्या पदरचं "शनिवारी रात्री आकाशात" घातलं. शुक्रवारपासून पानसे यांचा फोन खणखणू लागला. गच्चीवरून दिसेल का? चष्मा कोणता आणायचा? एका आजोबांनी विचारलं, वेध कधीपासून पाळायचे? एका सासूबाईंनी विचारलं, सुनेला सातवा आहे, तिने बाहेर पडावं का? द्वारकाबाईंनी एक्स्चेंजमधल्या आवाजात प्रत्येकाला उत्तर दिलं. "वेध नाहीत. सुतक नाही. चहा आहे."

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात पूर्णिमा, हातात उघडा लॅपटॉप, केस विंचरलेले नाहीत.

"काकू, कार्यक्रम रद्द करता येईल का?"

द्वारकाबाईंनी तिला आधी बसवलं. हवाई बेटांवरच्या एका डोंगरमाथ्यावर मोठ्या दुर्बिणी आहेत. तिथून त्या गाठोड्यावर नजर ठेवणाऱ्यांनी जगभरच्या खगोलवाल्यांना सूचना पाठवली होती, आणि ती पूर्णिमाने नुकतीच वाचली होती. अवरक्त प्रकाशात ती वस्तू अजून दिसत होती. आधी जेवढी उजळ होती तेवढीच, आणि एकसंध.

"म्हणजे फाटला नाही?"

"नाही ना, काकू. जसाच्या तसा आहे."

"मग आता फाटेल का?"

"कुणाला माहीत. सर्वांत जवळचा टप्पा आत्ताच चालू आहे, नाही तर होऊनही गेला असेल." पूर्णिमाने लॅपटॉप मिटला. "माझा मात्र दोन वर्षांपूर्वीच फाटला होता. किती सुंदर फाटला होता."

द्वारकाबाई खुर्चीत टेकल्या. डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो पुढच्या वर्षीचा मे महिना: केंद्रात झगमगती माळ, माइकसमोर दामलेसाहेब, आणि जुन्या द्वंद्वगीतातली नायिकेची बाजूही तेच गातायत. मग एक निसरडा विचार आला. ही सूचना अजून पेपरात आलेली नव्हती. धनकवडीत ती एकट्या पूर्णिमाने वाचली होती. तिने आपलं ठरलेलं भाषण केलं असतं, संगणकातला फाटका ढग दाखवला असता, तर लोक खूश होऊन बसले असते, चहानंतरही. खुर्च्या मोजून झाल्या की सोमवारी खरं सांगता आलं असतं.

हा विचार द्वारकाबाईंनी पुरा केला, कारण कुठलीच गोष्ट अर्धी सोडायची नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. पण एक्स्चेंजमध्ये काही जणी लाइन तुटली की "पार्टी बोलत नाही" असं ठोकून देत आणि पुढचा कॉल घेत. पलीकडचा माणूस बिचारा वाट बघत बसे. द्वारकाबाईंनी तसं कधी केलं नव्हतं. लाइन मेली असेल तर मेली म्हणून दोन्हीकडे सांगायचं.

"रद्द नाही करायचं," त्या म्हणाल्या. "पण फाटला नाही हे मी सुरुवातीलाच सांगणार. तू बोलायला उभी राहायच्या आधी."

"काकू, सगळे उठून जातील. निदान मध्यंतरानंतर तरी सांगा."

"चहा पाजून मग सांगायचं? ते नाही व्हायचं माझ्याच्याने." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, "तुझ्याकडे त्या न फाटलेल्याचा फोटो आहे का गं?"

संध्याकाळी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. निवडणुकीचं मतदान होऊन गेलं होतं, मोजणी व्हायची होती. त्या दिवसांत अख्खं पुणं कसल्या ना कसल्या निकालाला आसुसलेलं होतं, आणि इथे एक निकाल आयता लागणार होता. भिंतीला टेकून माणसं उभी होती. खराडीला आयटीत काम करणारी चार-पाच मुलं दुर्बिणी गळ्यात अडकवून आली होती आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते विचारत होती. पहिल्या रांगेत कडेला दामलेसाहेब, खिशात रिमोट, चेहऱ्यावर नुसता साक्षीभाव.

द्वारकाबाई माइकपाशी गेल्या. आवाज नोकरीतला होता, तो कधी हलत नसे.

"कार्यक्रमात एक बदल आहे. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे जो ढग फाटायचा होता, तो फाटलेला नाही. संबंधितांनी तसं आधी कळवलं नव्हतं, आज सकाळी समजलं. ठरवून टाकण्याची घाई माझी, वक्त्यांची नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं. चहा मध्यंतरात आहे, आत्ता नाही."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं. दुर्बीणवाली मुलं उठली. दोघं गेली, बाकीची दारात घुटमळून परत बसली.

दामलेसाहेब शेजाऱ्याला ऐकू जाईल आणि सगळ्यांना पोचेल अशा बेताने म्हणाले, "आयत्या वेळी वक्ता न येणं आपण पाहिलेलं आहे. विषय न येणं प्रथमच."

अशा बोलण्यावर बोलायला उभं राहणं सोपं नव्हतं. पूर्णिमा पहिली पाच मिनिटं नुसती कागदावरून वाचत राहिली. मग ती म्हणाली की डोळ्यांना न दिसणारा प्रकाश म्हणजे काय ते दाखवते, त्यासाठी टीव्हीचा रिमोट लागेल. सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. दामलेसाहेबांनी खिशात हात घातला, जरा विचार केला, आणि धरणाच्या दरवाज्याची चावी सोपवावी तसा रिमोट तिच्या हातावर ठेवला.

दिवे मालवले. पूर्णिमाने रिमोटचं तोंड लोकांकडे करून बटण दाबलं. काही दिसलं नाही. मग तिने आपल्या मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला, आणि मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. डोळ्यांनी पाहावं तर अंधार, मोबाइलमधून पाहावं तर दिवा. एकच गलका झाला. प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलमधून पाहायचं होतं. दामलेसाहेब स्वतः उठून आले, एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं, आणि म्हणाले, "सहा वर्षं हा माझ्या खिशात आहे."

त्यानंतर पूर्णिमा मोकळी झाली. दुर्बीण इकडेतिकडे का पाहते ते सांगून झालं, आणि तिने पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे लांब, विस्कटलेला, धागे सुटलेला ढग. उजवीकडे एक साधा गोल ठिपका.

"हा माझा," ती म्हणाली, "आणि हा खरा."

कुणी हसलं नाही. पुण्याचे श्रोते टोमणा मारायची संधी सहसा सोडत नाहीत, पण ती सोडली.

मग दुसऱ्या रांगेतून कौशल्याबाई नगरकर बोलल्या. एरवी त्या फार बोलत नसत. ऐन तिशीत नवरा गेला, तेव्हा पदरात दोन मुलं आणि हातात शिलाई मशीन. नातेवाइकांनी बाई आता कोसळणार म्हणून माहेरी तार करण्यापर्यंत तयारी केली होती, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "नाही फाटला ना? मग आत काहीतरी घट्ट असणार. नुसता धूर असता तर गेला असता."

पूर्णिमा म्हणाली, असंच मानणारा एक पक्ष आहे. त्यांच्या मते आत एक तारा आहे, धुळीची गोधडी पांघरलेला. धूळ त्याने धरून ठेवली आहे. दुसरा पक्ष म्हणतो, तो ढगच आहे. कारण उबदार धूळ एकसंध दिसली तरी तिच्याबरोबरचा वायू ताणला गेल्याच्या खुणा दुसऱ्या प्रकारच्या निरीक्षणांत आहेत. दोघांकडे दुर्बिणी आहेत, दोघांकडे शहाणी माणसं आहेत. "मी आज सकाळपर्यंत दुसऱ्या पक्षात होते," ती म्हणाली. "आत्ता मला माहीत नाही. दोन्ही बाजू चहानंतर सांगते."

चहा झाला. द्वारकाबाई बाहेर सरुबाईंच्या किटलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, फाटकाकडे पाठ करून. कोण चाललंय ते बघायचं नव्हतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, चपलांचे आवाज आले, कुणीतरी स्कूटर सुरू केली. त्या मनात वजाबाकी करत राहिल्या. दुर्बीणवाले गेले असतील. फोनवाले आजोबा गेले असतील. पंख्याखाली रोजच बसणारे धरायचेच नाहीत.

"बाई," सरुबाई वैतागून म्हणाल्या, "कप भाईर येईनात."

"म्हणजे?"

"कट्ट्यावर बगा की. एक कप न्हाई. समदी आत घिऊन बसल्यात. दुसऱ्या फेरीला मी कशात वतू?"

द्वारकाबाई वळल्या. कट्टा रिकामा होता. खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. खुर्च्या भरलेल्या होत्या, मांड्यांवर कप होते, आणि केंद्रातल्या फळ्यापाशी खडू घेऊन दामलेसाहेब उभे होते.

त्यांचं म्हणणं असं, की ढगच आहे. पाण्याचा लोंढा उतारावर आला की लगेच फुटत नाही. तोंड आवळलेलं राहतं, शेपूट मागाहून विस्कटतं. माझी हयात कालव्यांवर गेली आहे. वाहत्या वस्तूबद्दल मला कुणी सांगू नये. कौशल्याबाई म्हणत होत्या, तुमच्या कालव्याला शेजारी कृष्णविवर होतं का? मागचे काही जण ताऱ्याच्या बाजूने होते, आयटीवाली मुलं ढगाच्या बाजूने, फोनवाले आजोबा दोन्हींच्या. पूर्णिमा बाजूला उभी राहून हसत होती. तिचा हरलेला पक्ष तिच्यापेक्षा कितीतरी त्वेषाने कुणीतरी लढवत होतं. मधूनच ती एखादी चूक दुरुस्त करी आणि दोन्ही बाजू तिला तात्पुरतं गप्प बसवत.

आठला केंद्र बंद करायचा नियम दामलेसाहेबांचाच होता. तो त्यांनी मोडला. शेवटी सरुबाईंनी पंखे बंद केले तेव्हा मंडळी उठली, आणि फाटकापर्यंत, मग फाटकाबाहेर, ढग की तारा चालूच राहिलं.

सोमवारी समितीची बैठक बसली. द्वारकाबाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या होत्या. इतकी वर्षं खाल्लेल्या टोमण्यांना उत्तर देण्याची वेळ आली होती, आणि उत्तर त्यांनी रविवारभर घासूनपुसून ठेवलं होतं.

"व्याख्यानमालेचा विषय," दामलेसाहेबांनी चष्मा पुसत सुरुवात केली. "शनिवारी चहानंतरची मोजणी झालेली नाही."

"झालेली नाही म्हणजे?" द्वारकाबाई म्हणाल्या. "खुर्च्या भरलेल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहणं निराळं, मोजणं निराळं. मोजणारी व्यक्ती त्या वेळी चर्चेत गुंतलेली होती. मोजणी नाही, तर अट पूर्ण झाली असं म्हणता येत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि झाली नाही असंही म्हणता येत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी मे महिन्यात व्याख्यानं घ्यावीत, एक संध्याकाळ याच विषयाला ठेवावी, आणि तेव्हा मोजणी करावी. कराओकेला तूर्त रविवारची सकाळ पुरेल. कुणाची हरकत?"

द्वारकाबाईंच्या जिभेवर ते घासलेलं उत्तर तयार होतं. हरकत घेतली असती तर त्यांच्या बाजूने सगळे हात वर झाले असते, आणि दामलेसाहेबांना सर्वांसमोर हार मान्य करावी लागली असती. त्यांनी दामल्यांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत होते.

"हरकत नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी ते उत्तर सरुबाईंना ऐकवलं, म्हणजे ते अगदीच वाया गेलं नाही. पुढच्या रविवारी त्या कराओकेला जाऊन मागच्या रांगेत बसल्या. दामलेसाहेब खरोखर दोन्ही बाजू गातात.

पूर्णिमाने प्रबंधातलं अर्धं गणित पुन्हा केलं. ढग का फाटला नाही यावर त्यात एक नवं प्रकरण आलं, आणि परीक्षकांना म्हणे तेच सर्वांत आवडलं. आता ती बाणेरला राहते, तिला एक मुलगी आहे, आणि दर मे महिन्यात एका संध्याकाळी ती धनकवडीला येऊन हालहवाल सांगते. गाठोडं कृष्णविवराला वळसा घालून बाहेर पडलं. तशीच आणखी काही गाठोडी तिथे सापडली. ढग की तारा, यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही, आणि धनकवडीचं तर नाहीच. कौशल्याबाई ताऱ्यावर ठाम आहेत. दामलेसाहेब ऐंशी ओलांडून गेले, कानात यंत्र आलं, पण बसतात पहिल्या रांगेत आणि ढगच म्हणतात. चहानंतरची मोजणी दर वर्षी राहून जाते, कारण मोजणारी व्यक्ती चर्चेत गुंतलेली असते.

या वर्षीही एप्रिल लागल्यावर त्यांचा द्वारकाबाईंना फोन आला.

"पानसेबाई, ढगाची तारीख ठरली का?"

"ढगाची ठरवायचं मी सोडलं आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "व्याख्यानाची ठरली आहे. शनिवार, सहा वाजता. आपण यावं."